टाक्यांच्या कडेची गाठ

“काढूनच टाकलंय, आता तिथे काय व्हायचंय?” आत्या म्हणायची. कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर पाच वर्षं ती नेमाने तपासणीला गेली, मग जाणं सुटलं. नवव्या वर्षी ब्लाऊजचे हूक लावताना टाक्यांच्या कडेला मसुराएवढी गाठ बोटाला लागली. दुखत नव्हती, म्हणून दोन महिने ती गप्प राहिली. आम्हीही कधी विचारलं नाही, याची बोच अजून जात नाही.

तिचा समज तिच्या एकटीचा नव्हता. कित्येक दशकं डॉक्टरांचीही तीच धारणा होती. बाल्टिमोरच्या विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या ५० रुग्णांची हकिगत छापली. स्तन, खालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकदम काढायचं. जितकं जास्त काढू तितका रोग मुळासकट जाईल, असा हिशेब. बायकांच्या फासळ्या कातडीतून दिसायच्या, हात सुजून जड व्हायचा. तरी कितीतरी जणींचा कॅन्सर पुढे हाडांत, फुप्फुसांत, यकृतात निघायचाच.

पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी या हिशेबालाच हात घातला. मोठमोठे सर्जन विरोधात असताना १९७१ पासून त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रुग्णांच्या वाटण्या केल्या: काहींचं स्नायूंसकट सगळं काढलं, काहींचा फक्त स्तन. पंचवीस वर्षं त्यांची खबर ठेवली. २००२ मध्ये निकाल छापला: दोन्हींच्या जगण्यात फरक नाही. म्हणजे जीव वाचणार की नाही, हे सुरीने किती कापलं त्यावर ठरत नव्हतं. कॅन्सरच्या काही पेशी ऑपरेशनच्या आधीच रक्तातून निसटलेल्या असू शकतात. माझ्या मते या आजाराबद्दल बायकांना सांगण्यासारखी याहून मोलाची गोष्ट नाही.

शिवाय स्तनाचा कणन् कण निघत नाही. कातडीखाली, काखेकडे थोडा भाग उरतोच. अभिनेत्री अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये निरोगी असताना दोन्ही स्तन काढून घेतले, तेव्हा डॉक्टरांच्या अंदाजाने तिचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका ८७ टक्क्यांवरून पाचाच्या खाली आला. शून्यावर नाही.

२०१७ मध्ये ६२,९२३ बायकांची माहिती एकत्र तपासली गेली. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर असलेल्या, पाच वर्षं गोळ्या घेऊन थांबलेल्या या बायका. त्यांच्यात आजार उलटणं विसाव्या वर्षापर्यंत थांबलं नव्हतं. आत्याने तपासणी सोडली तीही पाचव्याच वर्षी.

तिची ती गाठ काढली, मग लाईट, म्हणजे रेडिएशन, दिली. त्यानंतर ती सहा वर्षं जगली.

स्तन काढला असेल तर टाक्यांवरून, काखेतून, गळ्याच्या हाडावरून आणि दुसऱ्या स्तनावरून महिन्यातून एकदा बोटं फिरवा. गाठ, पुरळ, कातडीचा बदललेला रंग, काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आणि घरात अशी कुणी असेल, तर शेवटची तपासणी कधी झाली हे तिला आजच विचारा.