डोंगराच्या घड्याळावर चालणारी मुलं

मे महिन्यात हिमाचल प्रदेशातल्या पार्वती खोऱ्यात रोज सकाळी एक विलक्षण हालचाल सुरू असते. कसोलच्या बेस कॅम्पवरून चाळीस-पन्नास जणांची एक तुकडी पाठीला सॅक लावून ग्रहण गावाच्या वाटेला लागते. ग्रहणला मुक्काम केलेली कालची तुकडी त्याच वेळी पद्रीकडे निघते, पद्रीची मिंगथाचकडे, मिंगथाचची नगारूकडे. नगारूची तुकडी तर पहाटेच सर पास ओलांडायला गेलेली असते आणि खिंडीपलीकडे बिस्केरीची मंडळी उताराला लागलेली असतात. सकाळी प्रत्येक तळ रिकामा होतो, दुपारी पुन्हा भरतो. एखाद्या वर्षी तळांची जागा बदलते, पण चक्र तेच राहतं.

यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या या मोहिमेला महाराष्ट्रातून कितीतरी मुलं जातात. दहावी-बारावीची परीक्षा झाली की डॉक्टरचं प्रमाणपत्र घ्यायचं, बूट घ्यायचे, आणि दिल्ली किंवा चंदीगडमार्गे भुंतर गाठायचं. घरी आईला धास्ती असते ती कड्यांची आणि बर्फाची. मला मात्र या शिबिराची रचना जितकी समजत गेली तितका मी थक्क होत गेलो, कारण इथली सुरक्षितता प्रामुख्याने वेळ पाळण्यात आहे. मुलांना जाचक वाटणाऱ्या जवळपास प्रत्येक नियमामागे डोंगराचं, पाण्याचं किंवा त्यांच्याच शरीराचं एक घड्याळ चालू असतं.

आधी त्या साखळीकडेच पाहा. तंबू, स्लीपिंग बॅगा, स्वयंपाकाची भांडी जागची हलत नाहीत, फक्त माणसं हलतात. मुलांच्या सॅकमध्ये कपडे, ताट-वाटी-मग, पाणी आणि दुपारचा डबा, एवढंच. ओझं कमी म्हणून थकवा कमी, आणि थकवा कमी म्हणून पाय घसरण्याची शक्यताही कमी. उद्या किती जण जेवायला येणार हे स्वयंपाक्याला आज ठाऊक असतं, त्या हिशेबाने खेचरांच्या आणि पोर्टरच्या पाठीवरून शिधा वर चढतो. सूप, गरम जेवण, झोपण्यापूर्वीचं बोर्नव्हिटा हे सगळं त्या हिशेबावर उभं असतं. या रचनेची दुसरी बाजूही आहे. वर हवा बिघडून खिंड बंद झाली, तर पुढची लोकल थांबल्यावर मागच्या गाड्या थांबतात तशा खालच्या तुकड्यांना जागीच थांबवावं लागतं. म्हणून प्रत्येक तळावर नेहमीपेक्षा जास्त माणसांची सोय होईल इतकं धान्य आणि पांघरूण हाताशी असावं लागतं.

एका दिवसाच्या चालीवर एक मुक्काम, ही कल्पनाच मुळात मुलांच्या सहलीतून जन्मली. २६ ऑगस्ट १९०९ रोजी रिचर्ड शिर्मान हे जर्मन शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन पायी भटकंतीला निघाले होते. वाटेत वादळी पावसाने गाठलं आणि एका गावातल्या शाळेच्या खोलीत सगळ्यांना रात्र काढावी लागली. बाहेर विजा कडकडत होत्या, मुलं झोपली होती आणि शिर्मान जागे होते. देशभर दिवसाच्या चालीवर मुलांसाठी असे निवारे का असू नयेत, हा विचार त्या रात्री त्यांच्या मनात आला. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल उभं राहिलं. आज कसोलहून निघणारी तुकडी त्याच विचाराच्या वाटेने चालते.

आता शरीराचं घड्याळ. कसोल सुमारे १,६०० मीटरवर, ग्रहण २,३०० च्या आसपास, नगारू ३,८०० आणि सर पास सुमारे ४,२०० मीटरवर. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के उरतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर हाती लागणारा ऑक्सिजन कमी. कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर नगारूला बोटाला लावला, तर ठणठणीत मुलाचाही आकडा नव्वदच्या खाली दिसू शकतो.

शरीर यावर काय करतं ते ऐकण्यासारखं आहे. आधी श्वास वाढतो. जास्त श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होतं. मेंदूतल्या श्वासकेंद्राला ही खूण म्हणजे ‘आता पुरे’ असा इशारा वाटतो. झोपेत तर ही ओढाताण स्पष्ट ऐकू येते: शेजारच्या स्लीपिंग बॅगमधल्या मित्राचा श्वास काही सेकंद थांबतो आणि मग एकदम खोल श्वास येतो. नवख्या मुलाला ते ऐकून धडकी भरते, पण इतक्या उंचीवर ही गोष्ट अगदी नेहमीची आहे. दरम्यान मूत्रपिंडं कामाला लागलेली असतात. ती रक्तातलं जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात, समतोल परत आणतात आणि श्वासाला मोकळीक देतात. उंचीवर वारंवार लघवीला जावं लागण्याचं एक कारण हे. या दुरुस्तीला काही दिवस लागतात आणि ती घाईने उरकता येत नाही.

म्हणून कसोललाच सुरुवातीचे दिवस जातात. जवळपास चढउतार, खडकावर दोरीने चढणं-उतरणं, सराव. ‘आम्ही सिंहगड दर रविवारी चढतो, आम्हाला कशाला हे’ असं मुलं म्हणतात. सिंहगडाने पाय तयार होतात, रक्त तयार होत नाही. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा फारशी वाढू नये, असं गिर्यारोहण वैद्यक सांगतं. ग्रहण आणि मिंगथाचच्या मध्ये पद्रीचा मुक्काम का, याचं उत्तर त्यात आहे.

यानंतर बर्फाचं घड्याळ. नगारूहून रात्री दोन-तीनला निघायचं म्हटलं की मुलं कण्हतात. पण दिवसा उन्हाने मऊ झालेला बर्फाचा पृष्ठभाग रात्री मोकळ्या आकाशाखाली उष्णता गमावून पुन्हा गोठतो. पहाटे त्यावर टाच मारली की कर्रर्र आवाज येतो आणि बुटापुरती पायरी उमटते. गाईड पुढे पायऱ्या पाडत जातो, मागचे चाळीस जण त्याच पायऱ्यांवर पाऊल ठेवतात. तोच बर्फ दुपारी भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, आणि खाली खडक आहे की पोकळी हे कळत नाही. दुपारी दरीतली तापलेली हवा वर चढून ढग जमतात, विजांचा धोका वाढतो. त्याआधी खिंड मागे टाकलेली बरी. पुढे तर आणखी मजा आहे. खिंडीपलीकडच्या उतारावर मुलं बसून घसरत खाली जातात. त्यासाठी कडक बर्फ चालत नाही, वेग आवरत नाही. उन्हाने वरचा थर जरा सैल झालेला असावा लागतो. चढायला गोठलेला, घसरायला सैलावलेला बर्फ. एकाच सकाळी दोन्ही मिळावेत म्हणून तो रात्रीचा दोनचा चहा.

पाण्याचं घड्याळही असंच उन्हावर चालतं. बर्फावर पोसलेले ओढे पहाटे खाली असतात आणि दुपारनंतर, वरचं वितळलेलं पाणी पोचलं की फुगतात. धरणाखालच्या नदीला तर उन्हाचंही बंधन नाही. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात थलौटजवळ हैदराबादहून सहलीला आलेले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी बियासच्या पात्रातल्या खडकांवर उतरले होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि त्यांच्यातले २४ जण वाहून गेले. पार्वती भुंतरला याच बियासला मिळते. नदीकाठी फोटोला उतरू नका, हा नियम त्या मुलांच्या आठवणीने पाळावा.

शेवटचं घड्याळ किशोरांच्या डोक्यात आहे. या वयात झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं आणि मोबाइलचा उजेड ते आणखी लांबवतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या केनेथ राइट यांनी आठ प्रौढांना आठवडाभर रॉकी पर्वतात तंबूत ठेवलं, उजेड फक्त सूर्याचा आणि शेकोटीचा. त्यांचं शरीराचं घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे सरकलं. मुलांचं नेमकं किती सरकेल ते वेगळं असू शकेल, पण अंधार पडला की झोप आणि उजाडलं की चाल, ही शिबिराची शिस्त शरीराच्या बाजूने आहे एवढं नक्की.

ही सगळी घड्याळं जुळवणारी माणसंच असतात. पुढचा गाईड वेग ठरवतो. सर्वांत मागे चालणारा गाईड कोणालाही आपल्या मागे राहू देत नाही. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजली जातात, आणि आकडा जुळेपर्यंत कोणी हलत नाही. संध्याकाळी तळप्रमुख प्रत्येकाला विचारतो: डोकं दुखतंय? जेवलास का? झोप लागली का? चौदा-सोळाच्या वयात मित्रांसमोर ‘मला बरं वाटत नाही’ म्हणणं फार जड जातं, म्हणून हा प्रश्न सगळ्यांना, रोज, त्याच सुरात विचारायचा. उंचीच्या गंभीर आजारावर सर्वांत खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. तो वेळेत करायचा तर मुलाने वेळेत बोलायला हवं.

तेव्हा मुलामुलींना अशा शिबिराला जरूर पाठवा. नाव नोंदवण्याआधी आयोजकांना चार प्रश्न विचारा. तीन हजार मीटरवर जाण्याआधी किती रात्री खाली काढणार? खिंड किती वाजता ओलांडणार? सर्वांत मागे कोण चालणार? आणि परत फिरायचं कोण ठरवणार, कशावरून? चारही उत्तरं पटकन आणि नेमकी आली, तर ती मंडळी डोंगराचं घड्याळ वाचणारी आहेत. मुलगा नगारूवरून परतला, खिंड पाहिलीच नाही, असं झालं तरी हळहळू नका. योग्य वेळी मागे वळायला तो शिकला, आणि खिंड पुढच्या मे महिन्यातही तिथेच असणार आहे.