दप्तरातले रक्त

१७८८ साली इंग्रज ऑस्ट्रेलियात उतरले आणि हजारो वर्षे मूलनिवासी जिथे नांदत होते ती जमीन त्यांनी ‘कुणाचीच नाही’ असे धरून घशात घातली. देशाच्या सर्वात वरच्या न्यायालयाने हे खोटे मोडीत काढले ते थेट १९९२ साली, माबो खटल्यात.

जमिनीला मालकच नव्हता म्हणता, मग क्वीन्सलंडच्या सरकारी दप्तरात माणसांच्या रक्ताचा हिशेब कशाला? वान्यी समाजातल्या चित्रकार जुडी वॉटसन यांनी राज्याच्या अभिलेखागारातली पत्रे उघडली. कुणात मूलनिवासी रक्त जास्त, म्हणून मताचा हक्क कुणाला नाही, याचा साहेबी खल त्यांत आहे. (राज्यात मूलनिवासींना तो हक्क मिळाला १९६५ साली!) २००५च्या चित्रमालिकेत वॉटसन यांनी ती पत्रेच छापली आणि त्यांवर रक्तासारखे लाल डाग पसरू दिले. साहेबाची अक्षरे मात्र झाकली नाहीत. वाचणाऱ्याने ती वाचलीच पाहिजेत.

पुढे ‘द नेम्स ऑफ प्लेसेस’मध्ये त्यांनी हत्याकांडे झालेली ठिकाणे नकाशावर मांडली. आणखी कुठे काय घडले हे ठाऊक असेल तर कळवा, असे त्यांनी लोकांनाच सांगितले.