विश्लेषण : मेथडचे नाव तेच, सूर मात्र वेगळा! सुपरकोलायडरमधील ‘ओव्हरराइड’ काय आहे?

सीवूड्स-दारावे-करावे स्थानकात इंडिकेटरवर ‘पनवेल’ लागले आणि गाडी सीएसएमटीकडे निघाली, तर? करावे गावातल्या प्रवाशाला चूक कळेपर्यंत दोन-तीन स्थानके मागे गेलेली असतील. संगणकावर संगीत रचणाऱ्यांवरही अशी वेळ येऊ शकते.

सुपरकोलायडर म्हणजे काय?
ध्वनीनिर्मितीसाठीची ही प्रोग्रामिंग भाषा जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६ मध्ये आणली. २००२ पासून ती मुक्त सॉफ्टवेअर आहे. तिच्यातील तयार कामांना ‘मेथड’ म्हणतात.

मूळ मेथड बदलावीशी का वाटते?
‘सा’ २४० हर्ट्झ धरला तर शुद्ध गांधार ३०० हर्ट्झवर येतो. सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या पाश्चात्त्य जुळणीत तो सुमारे ३०२.४ हर्ट्झ, म्हणजे किंचित चढा लागतो. हार्मोनियमबद्दलची जुनी तक्रार हीच. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम घडवली, तीही याच कारणाने. सुपरकोलायडरची मूळ जुळणी मात्र समान भागांचीच आहे.

ओव्हरराइड कसे होते?
अधिक चिन्ह, क्लासचे नाव आणि महिरपी कंसात मेथड, असे लिहिलेली फाइल ‘एक्स्टेन्शन्स’ फोल्डरमध्ये ठेवून क्लास लायब्ररी पुन्हा कंपाइल करायची. मेथडचे नाव नवे असेल तर ती भाषेत जोडली जाते. नाव जुनेच असेल तर मूळ मेथड झाकली जाते आणि इशारा येतो. बदल जाणूनबुजून केला असेल तर फाइल ‘सिस्टमओव्हरराइट्स’ या उपफोल्डरमध्ये ठेवावी लागते.

धोका कोणता?
जुळणी ठरवणारी मूळ मेथडच बदलली, तर तिच्यावर विसंबलेल्या त्या संगणकावरील सगळ्या जुन्या रचनांचे सूर सरकतात. तीच रचना मित्राच्या लॅपटॉपवर वाजवली तर गांधार पुन्हा चढा! एरर येत नाही, म्हणून चूक कानालाच पकडावी लागते, तीही कदाचित ऐन कार्यक्रमात.

सगळेच बदलता येते का?
नाही. ‘इफ’, ‘व्हाइल’ यांसारख्या मेथड कंपायलर बहुतेक वेळा थेट कोडमध्ये गुंफतो. तिथे तुमचा बदल पोहोचतच नाही.

मग करावे काय?
आधी भाषेत सोय आहे का, ते पाहावे. सुपरकोलायडरमध्ये ‘जस्ट’ ही शुद्ध स्वरांची जुळणी तयार आहे. स्वरमाला निवडताना ती सांगितली की गांधार जागेवर येतो आणि बाकीच्या रचनांना धक्का लागत नाही. तेवढ्याने भागले नाही तर नव्या नावाची मेथड जोडावी. ओव्हरराइड हा शेवटचा उपाय. तो केलाच, तर ती फाइल रचनेसोबत द्यायला विसरू नये.