सोमलाचं शतक: कॉर्नवॉल आणि आसपास

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्वेनॅप भागातल्या तांब्याच्या खाणी जोरात होत्या. तिथल्याच कॅरारॅक खाणीतलं ऑलिव्हेनाइट म्हणजे तांब्याचं आर्सेनेट. आर्सेनिकयुक्त खनिजांत हवा-पाणी मुरलं की शिरेच्या वरच्या थरात ते तयार होतं. रंग शेवाळी हिरवा. चाकूने सहज ओरखडा पडेल इतकं मऊ, पण पाण्याच्या जवळपास साडेचार पट जड. कोळशावर तापवलं तर लसणासारखा वास सुटतो. 1801 साली काउंट द बूर्नों यांनी कॉर्नवॉलच्या अशा आर्सेनेटांच्या स्फटिकांचं वर्णन केलं, रिचर्ड चेनेविक्स यांनी पृथक्करण. दोन्ही निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लागोपाठ छापले गेले.

संग्राहकांना या हिरव्या खड्यांचं अप्रूप होतं. खाणमालकांच्या लेखी आर्सेनिक म्हणजे निव्वळ कटकट. कॉर्नवॉलमध्ये कोळसा नाही, त्यामुळे धातुक जहाजाने वेल्समधल्या स्वान्झीला जाई आणि आर्सेनिक तिथल्या धुराड्यांतून हवेत.

पुढे टेमर नदीकाठी, डेव्हनच्या हद्दीत, 1844 साली डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स ही खाण सुरू झाली. तांब्यावर तिने अमाप पैसा केला. तांबं आटू लागलं तेव्हा तोवर ओवाळून टाकलेला सोमल, म्हणजे आर्सेनिकच, विकायला काढला. धातुक भाजायचं, धूर लांबलचक नळांतून फिरवायचा आणि आत साचलेली पांढरी भुकटी खरवडून काढायची. हे काम करणारे चेहऱ्याला चिकणमाती फासत आणि नाकात कापूस कोंबत. संरक्षण म्हणायचं ते एवढंच!

या खाणीच्या 1,024 पैकी 272 शेअर विल्यम मॉरिस यांच्या वडिलांकडे होते. वॉलपेपरचे नक्षीकार, कारागिरांच्या हातांचा कैवार घेणारे, पुढे समाजवादी झालेले हेच ते मॉरिस. 1870च्या दशकात काही वर्षं ते स्वतः खाणीचे संचालक होते, आणि त्यांच्या सुरुवातीच्या वॉलपेपरमधल्या हिरव्या रंगातही आर्सेनिक होतं. तो रंग आर्सेनाइटचा, ऑलिव्हेनाइटचा चुलतभाऊच. वॉलपेपरमुळे माणसं आजारी पडतात हे डॉक्टरांचं म्हणणं मॉरिस यांनी 1885 साली एका पत्रात खूळ म्हणून उडवून लावलं. अज्ञान म्हणून मला ते सोडून देता येत नाही. सोमल कुठून आणि कसा येतो, हे ठाऊक असायला संचालकाइतकी सोयीची जागा दुसरी कुठली?

विसाव्या शतकाच्या आरंभी ती खाण बंद पडली. 2006 साली युनेस्कोने कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनचा खाणप्रदेश जागतिक वारशात घेतला. टेमरकाठच्या टाकाऊ मातीच्या काही ढिगांवर मात्र अजून गवतही धड रुजत नाही.