पाठीला पाठ असतं

स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटमागून एकदा पाल खाली पडली. झाडू घेऊन येईपर्यंत ती फ्रीजखाली पसार झाली, शेपटी तेवढी फरशीवर राहिली. बोटभरही नसेल, पण केवढा तिचा थयथयाट! उसळत होती, वळत होती, क्षणभर थबकून पुन्हा कोलांटी मारत होती. डोकं फ्रीजखाली, मग हिला हे सांगतंय कोण? कुणीच नाही. तुटलेल्या शेपटीत मज्जारज्जूचा एक तुकडा असतो, आणि वळवळण्यापुरतं शहाणपण त्या तुकड्याकडे असतं.

मज्जारज्जू या नावानेच आपली थोडी फसगत केली आहे. रज्जू म्हणजे दोर. दोर म्हटलं की मेंदूचे निरोप पायापर्यंत नेणारी तार डोळ्यांपुढे येते, आणि तार तुटली की पाय संपले, हा हिशेबही ओघानेच येतो. प्रत्यक्षात करंगळीएवढ्या जाडीच्या, जेमतेम दीड फुटाच्या या अवयवात आपला कारभार आपणच पाहणाऱ्या चेतापेशींची दाट वस्ती आहे. १९११ साली ग्रॅहम ब्राउन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की मेंदूशी नातं तोडलं आणि पायांकडून येणारी खबरबातही बंद केली, तरी कमरेजवळचा मज्जारज्जू चालण्याची लय धरू शकतो. हा स्नायू आखडला की तो सैल, मग तो आखडला की हा सैल. मेंदूचं काम ‘चल’ म्हणण्याचं. गुडघा केव्हा वाकवायचा, टाच कधी उचलायची, हे बहुतेक खालच्या कचेरीतच ठरतं. चालणं पाठीला पाठ असतं!

मग अपघातात मानेजवळ किंवा पाठीत मज्जारज्जूला मार बसला, की हे पाठांतर जातं कुठे? कुठेच नाही. चालण्याची यंत्रणा जखमेच्या खाली, जागच्या जागी असते. शिवाय बहुतेकांचा मज्जारज्जू सुरीने कापल्यासारखा दुभंगत नाही, चिरडतो. कडेकडेने काही तंतू वाचतात. तुटलेले तंतू सहसा पुन्हा वाढत नाहीत, कारण जखमेचा व्रण आणि तंतूंच्या वेष्टनातली काही प्रथिनं त्यांची वाट अडवतात. पण वाचलेल्या तंतूंमधून हुकूम खाली पोचत असतो, कुजबुजीइतका क्षीण. आणि खाली सगळे झोपलेले. कुजबुज मोठी करता येत नसेल तर झोपलेल्यांना तरी जागं करता येईल का?

स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रेग्वार कुर्तीन हे मेंदूविज्ञानाचे संशोधक आणि जोसलीन ब्लॉख या न्यूरोसर्जन बरीच वर्षं याच प्रश्नाच्या मागे आहेत. त्यातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग कुर्तीन यांच्या चमूने २०१२ साली उंदरांवर केलेला. मेंदूकडून पायांकडे जाणारे सरळ रस्ते तोडलेले उंदीर, खालच्या मज्जारज्जूला जागं करायला औषधं आणि विजेचे हलके झटके. एका गटाला सरकत्या पट्ट्यावर चालवलं. पाय पट्ट्यावर झकास पडायचे, पण आपणहून पाऊल टाकणं त्या उंदरांना कधीच जमलं नाही. दुसऱ्या गटाला एका यंत्राने वरून नुसतं तोलून धरलं, मागच्या पायांवर उभं केलं आणि समोर चॉकलेट ठेवलं. ढकलायला कुणी नाही; हवं असेल तर जा. काही आठवड्यांत हे उंदीर चालले, पुढे पायऱ्या चढले. त्यांच्या मज्जारज्जूत जखमेला वळसा घालून नव्या जोडण्या तयार झाल्या होत्या. दोन्ही गटांना वीज सारखीच होती. फरक चॉकलेटचा, म्हणजे ते हवंसं वाटण्याचा.

उंदरांत जमलं ते माणसात तसंच्या तसं जमेना. कारण मजेशीर आहे. डोळे मिटले तरी आपला पाय कुठे आहे हे आपल्याला कळतं, कारण स्नायूंकडून सतत खबर वर येत असते. बाहेरून दिलेली वीज नेमकी याच खबऱ्या तंतूंत शिरते आणि दोन्ही दिशांनी धावते. एकेरी रस्त्याच्या घाटात वरून एक गाडी आणि खालून एक गाडी यावी, तसे विजेचे आणि पायाचे संदेश समोरासमोर येतात आणि दोन्ही संपतात. उंदराचा घाट छोटा. माणसाचे तंतू लांब, टक्करी जास्त. सतत वीज सोडली तर पाय आहे कुठे हेच मज्जारज्जूला कळेनासं होतं. म्हणून मग वीज तालात सोडायची: आत्ता मांडी उचलणाऱ्या चेतातंतूंच्या मुळांना, पुढच्या क्षणी पोटरीच्या. २०१८ साली या पद्धतीने तीन रुग्णांनी आठवड्याभरात, वरून आधार घेऊन का होईना, पावलं टाकली.

२०२२ साली नऊ रुग्णांच्या अभ्यासात कोडंच समोर आलं. माणूस सुधारला की त्याच्या मज्जारज्जूत अधिक पेशी कामाला लागलेल्या दिसतील, असं कुणालाही वाटेल. दिसलं उलटं. चाल सुधारत गेली तशी गजबज कमी झाली. मग उंदरांत शोध घेतल्यावर एक विशिष्ट जातीची चेतापेशी सापडली. धडधाकट उंदरात ती बंद केली तर चालीत काहीच बिघडत नाही. जखमी उंदरात बंद केली तर सुधारणाच थांबते. एरवी घरात असून नसल्यासारखी आणि संकट आलं की पदर खोचून उभी राहणारी आत्या असते, तशी ही पेशी.

पूर्वी पुनर्वसन म्हणजे जखमेच्या वर जे उरलं त्याच्यावर माणूस उभा करणं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात पाठीच्या कण्यात गोळी घेऊन जगले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. ती वाट आजही तितकीच खरी आहे. आता तिच्या जोडीला जखमेच्या खालच्या भागालाही विचारलं जातंय, एवढंच. आणि विचारायचं ते चालण्याबद्दलच असं नाही. मानेला मार लागलेल्या माणसाला विचारा, तो आधी हात मागेल. २०२४ साली अशा ६० जणांच्या चाचणीत मानेवर, त्वचेवरूनच, शस्त्रक्रियेशिवाय वीज दिली. ७२ टक्के लोकांच्या हातांची ताकद आणि कामं दोन्ही सुधारली. त्यातल्या काहींच्या दुखापतीला तीस वर्षं उलटून गेली होती.

२०२३ साली एका डच गृहस्थांची गोष्ट प्रसिद्ध झाली. सायकलच्या अपघातानंतर दहा वर्षं उलटलेली. त्यांच्या कवटीत प्रत्येकी ६४ इलेक्ट्रोडची दोन उपकरणं बसवली. चालायचा विचार मनात आला की ती तो टिपतात आणि जखम ओलांडून थेट खालच्या मज्जारज्जूला कळवतात. ते जिने चढले. चाळीस सत्रांच्या सरावानंतर यंत्र बंद असतानाही कुबड्या घेऊन चालू लागले. एकदा घरात रंगकाम निघालं आणि मदतीला कुणी नव्हतं. वॉकर आणि रंग घेऊन त्यांनी ते उभ्या उभ्या स्वतःच उरकलं.

चॉकलेटची गोष्ट मात्र मनातून जात नव्हती. २०२४च्या डिसेंबरमध्ये लोझानहून तिचा पुढचा भाग आला. जखमी उंदरांचा मेंदू तपासताना सुधारणेशी जोडलेली एक अनपेक्षित जागा सापडली: भूक आणि जागेपणाशी संबंधित म्हणून ओळखला जाणारा हायपोथॅलॅमसचा कडेचा भाग. तिथे वीज देण्यासाठी मज्जारज्जूला मार लागलेल्या एका बाईंच्या मेंदूत तार घातली. शस्त्रक्रियेत त्या जाग्याच होत्या. वीज सुरू झाल्याबरोबर त्या म्हणाल्या, पाय जाणवतायत. डॉक्टरांनी वीज थोडी वाढवली. तेव्हा टेबलावर पडल्या पडल्याच त्या म्हणाल्या, आता चालावंसं वाटतंय.