अग्निबाणाचें उड्डाण समक्ष पाहतांना

१४ जुलै २०२३ रोजीं दुपारीं २ वाजून ३५ मिनिटांनीं ‘चांद्रयान–३’ श्रीहरिकोटा येथून निघालें, तें मीं समक्ष पाहिलें. अग्निबाणाचें उड्डाण समक्ष पाहण्याची माझी ती पहिलीच वेळ. जें घरबसल्या दूरचित्रवाणीवर दिसतें, तें पाहावयास उन्हांत इतक्या दूर कशाला जावयाचें, असा प्रश्न मला घरांतूनच विचारण्यांत आला होता. त्याचें उत्तर आज देण्याचा विचार आहे.

श्रीहरिकोटा हें आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावरील एक लांबट बेट आहे. त्याच्या पूर्वेस बंगालचा उपसागर आणि पश्चिमेस पुलिकतचें विस्तीर्ण खारें सरोवर. सुळ्ळुरपेट स्टेशनावर उतरून या सरोवरामधून बांधलेल्या रस्त्यानें बेटावर जातां येतें. येथून पहिला अग्निबाण १९७१ सालीं सुटला. हीच जागा निवडण्याचें कारण साधें आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. या अक्षांशावर तिच्या पृष्ठभागाचा वेग ताशीं सुमारें १,६०० किलोमीटर भरतो. पूर्वेकडे सोडलेल्या अग्निबाणास तेवढा वेग आयताच मिळतो. शिवाय तिकडे समुद्र असल्यामुळें जळून रिकामे झालेले भाग कोणाच्या घरावर पडण्याचें भय नसतें.

सामान्य प्रेक्षकांसाठीं तेथें २०१९ सालीं एक मोठी गॅलरी खुली झाली. आंत जाण्यास आगाऊ नांवनोंदणी करावी लागते. माझ्या शेजारीं चेन्नईस स्थायिक झालेले एक वृद्ध मराठी गृहस्थ नातीला घेऊन बसले होते. जुलै २०१९ मध्येंही ते आले होते. ‘चांद्रयान–२’ त्या वेळीं १५ तारखेस पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनीं सुटावयाचें होतें. परंतु ५६ मिनिटें २४ सेकंद उरलीं असतां तांत्रिक दोष आढळून उलटी मोजणी थांबविण्यांत आली. जमलेले लोक अंधारांतच परतले, त्यांत हेही. पुढें २२ तारखेस तें यान सुटलें, तेव्हां यांना येतां आलें नाहीं. त्याबद्दल त्यांची तक्रार मात्र नव्हती. ते म्हणाले, “दोष जमिनीवर असतांना सांपडला हें भाग्यच म्हणावयाचें. वर गेल्यावर दुरुस्तीला कोण जाणार?”

ध्वनिक्षेपकावरून आंकडे उतरूं लागले तशी गर्दी निःशब्द झाली. शून्याबरोबर दूरवर झाडांच्या वर एक पांढराशुभ्र प्रकाश उमटला. हा अग्निबाण ४३.५ मीटर उंच आणि ६४० टन वजनाचा. त्याच्या दोन बाजूंस घन इंधनानें भरलेलीं दोन प्रचंड नळकांडीं असतात. त्या इंधनांत अल्युमिनियमची भुकटी मिसळलेली असते, म्हणून ज्योतीकडे पाहवत नाहीं आणि मागें दाट पांढरा धूर राहतो.

आतां जी गोष्ट पडद्यावर मुळींच कळत नाहीं ती सांगतों. अग्निबाण वर चढत होता आणि आवाज कांहींच नव्हता. प्रकाश तत्क्षणीं पोंचतो. ध्वनीला मात्र एक किलोमीटर चालावयास सुमारें तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट होईपर्यंत सेकंद मोजून त्यांस तीननें भागिलें, कीं अंतर कळतें. तोच हिशेब येथेंही लागू. मी सेकंद मोजण्याचें ठरवून गेलों होतों, पण ऐन वेळीं मोजणें राहूनच गेलें. मग आवाज आला. प्रथम खोल घरघर, आणि पाठोपाठ जाडें कापड टराटरा फाडावें तसा कडकडाट. तो कानांपेक्षां छातीलाच अधिक जाणवला. आपण जें ऐकत आहोंत तें केव्हांच होऊन गेलें आहे, हें त्या क्षणीं मला पुस्तकाविना समजलें.

अग्निबाण ढगांत शिरला. टाळ्यांचा कल्लोळ झाला. माझ्या शेजाऱ्यांनीं मात्र टाळी वाजविली नाहीं. “अजून पुष्कळ व्हावयाचें आहे,” एवढेंच ते म्हणाले. तें खरेंच होतें. १० ऑगस्ट १९७९ रोजीं याच बेटावरून ‘एस्‌एल्‌व्ही–३’ हा अग्निबाण प्रथम उडाला आणि कांहीं मिनिटांत समुद्रांत कोसळला. त्याच जातीच्या अग्निबाणानें १८ जुलै १९८० रोजीं ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेंत नेला. ‘चांद्रयान–२’ चें उड्डाण निर्दोष झालें. पण ७ सप्टेंबर २०१९ रोजीं चंद्रावर उतरतां उतरतां त्याचा ‘विक्रम’ हातचा गेला. डोळ्यांना दिसतो तो या कार्याचा अगदीं थोडा भाग. बाकीचा सारा अदृश्यांत घडतो.

उड्डाणानंतर सुमारें सोळा मिनिटांनीं यान अग्निबाणापासून सुखरूप वेगळें झाल्याची वार्ता ध्वनिक्षेपकावरून आली. तेव्हां त्या वृद्ध गृहस्थांनीं टाळ्या वाजविल्या. बरेच लोक एव्हांना वाटेला लागले होते. आकाशांत धुराची एक वांकडी रेघ काय ती उरली होती. “आजोबा, आतां तें कुठें आहे?” नातीनें विचारलें. त्यांनीं समुद्राच्या दिशेनें हात केला आणि म्हणाले, “आपल्याला दिसत नाहीं तिथें. पण जात आहे.”

चाळीस दिवसांनीं, २३ ऑगस्ट रोजीं, तें चंद्रावर उतरलें. त्या सायंकाळीं मी घरींच होतों; परंतु मला तो कडकडाट पुन्हां छातींत ऐकूं आला.