धडधाकट फोन बाद का होतो

खरिपात परभणी जिल्ह्यातले शेतकरी सोयाबीन-कापसाच्या वावरात उभे राहून ई-पीक पाहणी करतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीत मोबाइल ॲपवर पिकाची नोंद होते: गट नंबर निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, मग तिथूनच पिकाचा फोटो काढायचा. नेमकं इथेच अनेकांच्या लक्षात येतं, की बोलायला धड असलेला फोन आता पुरत नाही.

कधी ॲपच उतरत नाही. प्रत्येक ॲपला अँड्रॉइडची किमान कोणती आवृत्ती हवी, ते ठरलेलं असतं. जुन्या आवृत्त्यांवर ॲप तपासत राहणं खर्चाचं, म्हणून बनवणारे ही अट वर सरकवत नेतात. स्वस्त फोनला मात्र कंपनी नव्या आवृत्त्या फार काळ पुरवत नाही. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.४ सोडून दिलं, तेव्हा ते फोन काही बिघडले नव्हते.

कधी ॲप चालतं, पण फोटो काढताना वीस टक्के चार्जिंग दिसत असूनही फोन बंद पडतो. हा दोष बॅटरीचा. चार्जिंग होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये शिरतात. त्यावर एक पातळ थर साचत जातो, थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं आणि विजेला होणारा आतला विरोध वाढतो. कॅमेरा आणि जीपीएस एकदम वीज मागतात, तेव्हा व्होल्टेज कोसळतं. उष्णतेत हा थर लवकर वाढतो, आणि परभणीचा मे महिना ४४ अंशांच्या आसपास जातो. उन्हात ट्रॅक्टरवर ठेवलेला फोन त्याहून कितीतरी तापतो. साधारण ५०० पूर्ण चार्जिंगनंतर बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर येते.

  

म्हणून दुकानात जाण्याआधी सेटिंगमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती पाहावी. ती ॲपला पुरत असेल, तर नुसती बॅटरी बदलून घ्यावी. नव्या फोनच्या मानाने हा खर्च फार थोडा. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी बॅटरी देणं बंधनकारक होतंय. आपल्याकडेही तसं व्हायला हवं.

आवृत्ती पुरत नसेल, तरी केवळ पिकाच्या नोंदीसाठी कर्ज काढून फोन घेऊ नये. एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते.